पार्बताबाईंशी बोलायचं कसं

नेरच्या बसस्टँडमागं गफ्फारभाईंचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागच्या दारातून आत गेलं की त्यांचं घर. गिऱ्हाईक पुढच्या दारानं येतं, गाडी लावतं, आणि गाडी दुरुस्त होईस्तोवर गफ्फारभाईंच्या घरातलं सगळं ऐकून जातं. कारण गफ्फारभाईंना पाना आणि जीभ वेगवेगळी चालवता येत नाही; एक फिरला की दुसरी फिरतेच. त्यांच्या आई सुग्राबी त्यांच्याहून वरचढ. माहेर मुकुटबनकडचं, लहानपण शेजारपाजारच्या पोरींबरोबर कापूस वेचण्यात गेलेलं, त्यामुळं तोंडी उर्दू कमी आणि वऱ्हाडी जास्त, आणि दोन्ही मिळून पूर्णविराम एकही नाही. सून फरहाना बोलायची ती मुख्यतः अल्लाशी. पण अल्लाशी बोलायचं म्हणून मनातल्या मनात बोलावं असा तिचा समज नव्हता. भाकर थापताना, कपडे वाळत घालताना, तिची दुआ शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जायची.

अशा घरात अलफिया जन्माला आली आणि आल्या दिवसापासून गप्प राहिली. सुग्राबीचं म्हणणं, पोट्टी जन्मतानाही रडली नाही, नुसती टकामका पाहत होती. घरात बोलणाऱ्यांची एवढी दाटी की तिच्या वाट्याला ऐकणंच उरलं, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचं तिला जमायचं नाही. हात वर करायची, तोही खांद्याएवढाच. गुरुजी मान खाली घालून नावं वाचणारे, त्यांना हात दिसावा कुठून? एकही दिवस शाळा न बुडवणारी ही पोर कागदोपत्री अर्धं वर्ष गैरहजर निघाली. किराण्यात पाठवलं तर चहापत्तीचा रिकामा पुडा घेऊन जायची आणि गल्ल्यापुढं ठेवून उभी राहायची. दुकानदारानं "केवढा देऊ?" विचारलं, तर पुड्यावरचं वजन बोटानं दाखवायची.

नर्सिंगला गेली तीही या स्वभावापायी. ती अकरावीत असताना गफ्फारभाईंच्या पायावर एक गाडी आडवी झाली आणि ते यवतमाळला दवाखान्यात पडून होते. अलफिया उशाशी. तिथं पट्टी बदलायला एक सिस्टर यायची. यायची, पट्टी सोडायची, जखम पुसायची, नवी पट्टी बांधायची आणि जायची. गफ्फारभाई तिला गॅरेजच्या, पावसापाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी सांगत राहायचे. ती "हं" म्हणायची, बस. अलफियाला वाटलं, हेच आपलं काम. हात चालवायचे, तोंड मिटून ठेवायचं, आणि वर लोकांच्या दुआ घ्यायच्या. बिचारीच्या हे ध्यानातच आलं नाही की सिस्टर बोलत नव्हती, कारण अब्बा तिला बोलू देत नव्हते.

बारावीनंतर यवतमाळच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमच्या कोर्सला नंबर लागला. होस्टेलात तिला ममता भेटली. ममता महागावकडच्या तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलायची, बाहेर मराठी, आणि भडकली की दोन्ही एकदम. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण एकीला बोलायला माणूस पाहिजे होतं आणि दुसरीची ऐकण्यात हयात गेली होती. अलफिया अभ्यासाला पक्की. हाडांची नावं म्हणू नका, रक्ताचा प्रवास म्हणू नका, सगळं पेपरात असं उतरवायची की छापल्यासारखं.

प्रॅक्टिकलच्या खोलीत पलंगावर एक डमी होती. रबराची, चांगली थोराड बाईएवढी, डाव्या हाताचा स्क्रू ढिला असलेली. मागच्या कुठल्यातरी बॅचनं तिचं नाव पार्बताबाई ठेवलं, ते तसंच चालत आलं. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमसुद्धा म्हणायच्या, "समजा, आज पार्बताबाईंना ताप आहे."

पहिल्या वर्षाच्या परीक्षेला अलफियाला चिठ्ठी निघाली ती अशी: पेशंट पलंगावर असताना चादर बदलणे. तिनं ती अशी बदलली की एक सुरकुती शोधून सापडू नये. पार्बताबाईंचा तो ढिला हातसुद्धा कुठं लोंबकळला नाही. निकाल लागला, तर लेखी विषय सगळे चांगल्या मार्कांनी पास, आणि प्रॅक्टिकलपुढं नापास.

काहीतरी चुकून झालं असेल असं वाटून ती मॅडमकडं गेली. गेली म्हणजे त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, त्या वर पाहीस्तोवर.

"ये. मला वाटलंच होतं," मॅडम म्हणाल्या. "हात तुझे वर्गात सगळ्यात चांगले. पण मला सांग, तू पेशंटला नमस्कार केलास? आपलं नाव सांगितलंस? कुशीवर वळवताना दुखतंय का म्हणून विचारलंस?"

अलफियानं नाही म्हणून मान हलवली.

"एक शब्द नाही. सरळ जाऊन त्या बाईच्या अंगाखालची चादर ओढलीस. खरी पार्बताबाई असती तर चोर शिरला म्हणून बोंबलली असती."

"ती डमी आहे ना, मॅडम," अलफिया म्हणाली. वर्षभरात ती मॅडमशी जे काही बोलली त्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"परीक्षेत ती पेशंट आहे, बाई. हिवाळ्यात पुरवणी परीक्षा आहे. तोवर घरी राहा आणि बोलायला शीक. पास झालीस तर दुसऱ्या वर्षात येऊन बस, राहिलेलं भरून काढू. नाही झालीस तर पुन्हा पहिलं वर्ष, नव्या पोरींबरोबर."

म्हणजे ममता पुढं आणि ही मागं. अलफिया बॅग भरून नेरला आली.

ही बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. ठरवताना गफ्फारभाईही हजर होते, मानही त्यांनी सगळ्यांत जोरात हलवली होती. पण दुसऱ्या दिवशी चाकात हवा भरायला आलेला माणूससुद्धा जाता जाता सांगून गेला, "गफ्फारभाई, पोरीले भिजवलेले बदाम द्या." मग उपायांचा पाऊस पडला. कुणी ब्राह्मीचं तेल सांगितलं, कुणी अंधारातून उठून वाचायला सांगितलं, कुणी म्हणालं, दक्षिणेकडं तोंड करून वाचली असेल. सुग्राबीनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या जळल्या तेव्हा घरभर ठसका उठला, त्यावरून नजर केवढी मोठी होती हे सिद्ध झालं. फरहाना पहाटे फजरची नमाज झाली की पेल्यातल्या पाण्यावर दुआ पढून फुंकर घालायची आणि पोरीला पाजायची. अलफिया बदाम खायची, तेल लावून घ्यायची, पाणी प्यायची. नाही म्हणायला तरी बोलावं लागतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हसू यावं असंच सगळं होतं, पण पोरीचं हसू आटलं होतं. पुस्तक उघडून बसायची ते तेच पान तासभर. डेटॉलचा वास आला तरी उठून बाहेर जायची. स्वप्नात पार्बताबाई पलंगावर उठून बसायच्या आणि विचारायच्या, "कोन वं तू?" आणि हिला आपलं नाव आठवायचं नाही. येत नाही असं तर काही नव्हतंच, हीच पंचाईत. न येणारी गोष्ट माणूस घोकून पाठ करतो. तोंड उघडणं कसं पाठ करायचं?

ममताचे फोन यायचे. अलफिया उचलायची नाही. मग ममता संदेश पाठवायची, "आज ऑपरेशनच्या खोलीत नेलतं आमाले, एक पोट्टी चक्कर येऊन पडली, मी नाही पडली." अलफिया वाचायची आणि अंगठ्याचं चित्र पाठवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ममताचा लांबलचक संदेश आणि हिचा अंगठा. अशी ती मैत्री अंगठ्यावर येऊन ठेपली होती.

पहिल्यांदा गफ्फारभाईंनी मनावर घेतलं. ते म्हणाले, "यात काय हाय? मी दिवसभर गाड्यांसंगं बोलतो. ते जवाब देतात का? चाल, आज तुले शिकवतो." त्यांनी तिला गॅरेजात नेलं आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या मोटरसायकलीपुढं उभं केलं. "हा तुहा मरीज. बोल."

अलफिया गाडीकडं पाहत राहिली.

"असं पाहू नको, भेते ते. मी कसा बोलतो पाह्य. काय वं बाई, काहून तापली? पाजू का तेल? आता बोल तू."

गफ्फारभाई मुद्दाम पाठ फिरवून उभे राहिले, म्हणजे पोरीला लाज वाटू नये. अलफियानं बराच वेळ बळ गोळा केलं, हँडलला हलकेच हात लावला आणि म्हणाली, "नमस्ते. मी तुमचा ताप मोजणार आहे. घाबरू नका."

मागून आवाज आला, "लय ताप हाय का वं पोरी? संध्याकायलोक तांड्यावर पोचन ना ते?"

गाडीचे मालक धावजी चहा पिऊन परत आले होते. मोठा गरीब माणूस, त्याला हसूही आलं नव्हतं, खरीच काळजी वाटली होती. पण अलफिया आत पळाली ती दोन दिवस गॅरेजच्या दाराकडं फिरकली नाही.

मग सुग्राबीनं पदर खोचला. "गाडी काय पेशंट राह्यते का, येड्या? मी पडतो ना पलंगावर. मीच तुही पार्बताबाई." आणि त्या खरोखर चादर ओढून आडव्या झाल्या. अलफियानं गरम पाण्याचं घमेलं आणलं, टॉवेल आणला, जवळ येऊन उभी राहिली.

"ये बेटा," पार्बताबाई म्हणाल्या. "पानी जास्त गरम नको करू, माही कातडी पातळ हाय. आंधी तोंड पुस, मंग हात. उजवा हात पुस, डावा राहू दे, डाव्यात बांगड्या हायत. रात्री झोप नाही लागली मले, कुत्रे भुकत होते. जेवन? जेवली थोडीशी. तुह्या अम्मीनं डायीत मीठ जास्त टाकलं. गुडघा जपून धर. हां. आता पाठ."

अलफियानं तोंड पुसलं, हात पुसला, गुडघा जपून धरला, पाठ पुसली. सगळं यथासांग झालं. तिला एक अक्षर बोलावं लागलं नाही. विचारायचं ते सगळं न विचारताच सांगून झालं होतं.

"जमलं पाह्य," सुग्राबी उठून बसत म्हणाल्या.

"अम्मा," फरहाना दारातून म्हणाली, "परीक्षा तुमची हाय का तिची?"

"मंग मी काय मुक्यानं पडून राहू? मेलेल्यावानी?"

"डमी तशीच राह्यते."

सुग्राबीनं दुसऱ्या दिवशी मुक्यानं पडून पाहिलं. ओठ घट्ट मिटले, डोळे मिटले. पण मुळातच कधी न केलेली गोष्ट, पान लावून होईल एवढ्यातच त्यांचा जीव घाबरला आणि "थांब वं, दम लागला," म्हणून त्या उठल्या. तेवढ्या वेळात अलफियाही काही बोलली नव्हती. दोघी समोरासमोर गप्प, असं दृश्य त्या घरानं पहिल्यांदाच पाहिलं.

दिवस जात राहिले. बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, बसस्टँडपुढं रस्ता तुंबू लागला, सकाळी पाण्याला हात लावता येईना. परीक्षा जवळ आली.

त्या आठवड्यात शुक्रवारी, जुम्याच्या दिवशी, फरहाना आणि अलफिया भाजीपाला घेऊन दुपारी घरी आल्या. गफ्फारभाई गॅरेज बंद करून नमाजला गेले होते, सुग्राबी शेजारी कुणाच्या बाळंतपणाची चौकशी करायला गेल्या होत्या, आणि त्यांची चौकशी म्हणजे दिवस कलता असरची अजान होईपर्यंतची निश्चिंती. फरहानानं कुलूप काढलं, उजवा पाय आत टाकला आणि रिकाम्या घराला सलाम केला. "अस्सलामु अलैकुम." तिच्या मागून अलफियाही आत आली. तिनंही म्हटलं, "अस्सलामु अलैकुम." चांगलं स्वच्छ, ऐकू येईलसं.

फरहाना पिशवी हातात घेऊन तशीच थांबली. वळून म्हणाली, "तू कोनाले सलाम केला आता?"

अलफिया गोंधळली. "घराले."

"घरात कोनी हाय?"

"नाही."

"मंग?"

"तुम्हीच सांगतलं ना अम्मी. घर खाली असलं तरी सलाम करा लागते. फरिश्ते जवाब देतात म्हणून."

"दिसते का तुले एखादा?"

"नाही."

"कधी जवाब ऐकू आला?"

"नाही."

"तरी लहानपनापासून करून राह्यली. लाज नाही वाटत, पोटात गोया येत नाही." फरहानानं पिशवी खाली ठेवली आणि मेथीच्या जुड्या बाहेर काढायला लागली. "फरिश्ते तं दिसत बी नाही. पार्बताबाई दिसते तरी."

एवढंच बोलून ती मेथी निवडायला बसली.

संध्याकाळी अलफियानं खाटेवर गादीचा लोड आडवा टाकला, त्यावर चादर घातली, दाराबाहेर गेली आणि पुन्हा आत आली. "अस्सलामु अलैकुम," ती लोडाला म्हणाली. आणि त्यापुढं शब्द आले. आधी दोन, मग चार. "मी अलफिया. तुमचं अंग पुसून देणार आहे. पाणी कोमट आहे. दुखलं तर सांगा."

आता सुग्राबीला अडवणं हे मोठं काम होऊन बसलं. त्यांना पडद्यामागं बसवलं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही अशी कसम घातली. त्या तयार झाल्या, पण एक अट घालून. "सलामाचा जवाब तं मी देईन. सलाम कानावर पडला अन् जवाब नाही देल्ला तं गुनाह लागते. या वयात मले गुनाहगार करता का तुमी?"

फरहानाला अट मान्य करावी लागली. म्हणून रोज असं चालायचं: अलफिया आत यायची, लोडाला सलाम करायची, पडद्यामागून "वालेकुम सलाम, बेटा, जीती रहो" असा भरघोस जवाब यायचा, आणि मग अलफिया कामाला लागायची. आणि काय लागायची. अठरा-एकोणीस वर्षं घरातल्या तिघांचं जे ऐकून ठेवलं होतं ते आता व्याजासकट बाहेर पडू लागलं. लोडाला झोप लागली का, भूक लागते का, गुडघा कधीपासून दुखतो, गावी कोण कोण असतं. एकदा तर ती विचारत होती, "सून नीट पाहते का तुम्हाला?" तेव्हा फरहानानं चुलीपासून आवाज दिला, "सुनीचं कायले विचारून राह्यली? ते बी आलं का परीक्षेत?" पडद्यामागून हसल्याचा आवाज आला, हसू कसमेत धरलेलं नव्हतं.

सगळे खूश होते. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. जवाब आल्याशिवाय ही पोर पुढं सरकत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी फरहानानं रोजा धरला. गफ्फारभाई पोरीला पहिल्या एसटीत बसवून आले, आणि बस हलेस्तोवर कंडक्टरला सगळी हकीकत सांगून आले.

परीक्षा घ्यायला बाहेरगावच्या एक वयस्कर मॅडम आल्या होत्या. अंगावर शाल, घशात खोकला, मान कागदावरून वर करायची नाही अशी रीत. स्कूलच्या मॅडम बाजूला उभ्या, पण त्यांना बोलायची मुभा नव्हती. अलफियानं चिठ्ठी उचलली: पेशंटला अंथरुणात अंग पुसून देणे. तिनं पाणी घेतलं, कोपरानं गरम-थंड पाहिलं, पडदा ओढला, पलंगाजवळ गेली. पार्बताबाई छताकडं पाहत पडल्या होत्या.

"अस्सलामु अलैकुम, पार्बताबाई," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला. तिचं तिलाच बरं वाटलं.

आणि ती थांबली.

घमेल्यातून वाफ निघत होती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. पार्बताबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलणार नाहीत हे अलफियाला पक्कं ठाऊक होतं, ती वेडी नव्हती. पण पाय हलेना, हात पाण्यात जाईना. सलाम हवेत टांगलेला, आणि तो टांगलेला असताना पुढं कसं जायचं? स्कूलच्या मॅडमनी भुवया उचलल्या, मग हनुवटी हलवली, मग डोळे मोठे केले. अलफियाला सगळं दिसत होतं. तिला नव्या पोरींचा वर्ग दिसत होता आणि त्यात मागच्या बाकावर आपण. ममता वरच्या जिन्यानं दुसऱ्या वर्षाला चाललेली. वाफ कमी होत चालली.

शालवाल्या मॅडमनी कागदावरून मान वर केली नाही. एकदा खोकल्या आणि म्हणाल्या, "वालेकुम सलाम. पाणी निवत चाललंय, बाई. पुढं काय?"

अलफियाच्या अंगातली कळ कुणीतरी दाबल्यासारखी ती हलली. "मी अलफिया. आज मी तुमचं अंग पुसून देणार आहे, पार्बताबाई. पडदा ओढला आहे, कुणी येणार नाही. आधी डोळे पुसते. मिटा. हां. हा डावा हात दुखतो का? थांबा, मी खालून धरते, झोकून देऊ नका. रात्री झोप लागली? थंडी पडली आहे ना फार, पायावर पांघरूण राहू देते. चहा मिळाला का सकाळी? घरून कोण आलं आहे सोबत? लेक आली आहे का? कुठं दिली तिला?"

"अगं," मॅडम कागदाकडं पाहतच म्हणाल्या, "पेशंटचं अंग पुसायचंय की सोयरीक जुळवायचीय?"

अलफियाचा चेहरा लाल झाला. पण हात थांबले नाहीत आणि, नवल म्हणजे, तोंडही थांबलं नाही. पाठ पुसताना, कूस वळवताना, चादर सारखी करताना ती पार्बताबाईंना सांगत राहिली.

शेवटी तोंडी प्रश्न झाले. ते झाल्यावर मॅडमनी पहिल्यांदा वर पाहिलं. "सलाम करून थांबलीस कशाला?"

"जवाब यायची वाट पाहत होते, मॅडम."

"डमीचा?"

"हो."

"वार्डात पेशंट पुष्कळ असतात आणि सिस्टर एक. प्रत्येकापाशी तू एवढी थांबलीस तर सकाळच्या गोळ्या त्यांना रात्री मिळतील."

"हो, मॅडम."

"जा."

अलफिया घरी आली. सगळे दारातच. तिनं चपला काढल्या आणि सांगितलं, "थांबले मी. जवाब आला नाही म्हणून." मग काय काय झालं ते सांगितलं. बाकीच्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर सुग्राबी म्हणाल्या, "मले कायले नाही नेलं? पलंगाखाली बसली असती मी." गफ्फारभाई आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता गॅरेजात जाऊन बसले. अलफिया भिंतीला टेकून रडली. फरहानानं तिला रडू दिलं. रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा खजूर तिच्याही हातात दिला आणि म्हणाली, "तू सलाम केला. जवाब आला. कोनाच्या तोंडून आला ते अल्ला पाहून घेईन. आता खाऊन घे."

निकालाचा फोन ममतानंच केला. या वेळी अलफियानं उचलला.

"पास हायेस," ममता म्हणाली.

अलफियानं विचारलं, "किती मार्क?"

"ते नको विचारू."

"सांग ना."

"काठावर. येळ लय लावला म्हनून कापले म्हनते. आपल्या मॅडम सांगत होत्या, पोरगी चांगली हाय, पन पेशंटले बोलून बोलून थकवन. तुह्याबद्दलच बोलून राह्यल्या का म्हनून मी दोनदा विचारलं."

घरात सांगितलं तेव्हा फरहाना उठून नमाजाच्या मुसल्ल्याकडं गेली आणि शुकराना, म्हणजे आभाराची नमाज, पढायला उभी राहिली. सुग्राबीनं पास होण्यात आपला वाटा अर्धा असल्याचं जाहीर केलं आणि अर्धा का, याचा खुलासाही केला: सलाम पोट्टीचा, जवाब शिकवला त्यांनी. काठावरच्या मार्कांचं अलफियाला दोन घटका वाईट वाटलं. हाडांच्या पेपरात एवढे मिळवले आणि इथं काठावर. मग तिनं बॅग काढली आणि कपडे भरायला लागली.

सोमवारी ती होस्टेलात पोचली. खोलीत ममताच्या शेजारची खाट रिकामी नव्हती. त्यावर ममताची ट्रंक होती, बादली होती, दोन गाठोडी होती आणि वर एक केरसुणी आडवी ठेवली होती. दुसऱ्या कुणी पोरीनं बसू नये म्हणून ममता इतके दिवस ती खाट अशी लढवत होती. एकीशी तर भांडून गोरबोलीतही सगळं ऐकवून झालं होतं.

"उचलू लाग आता," ममता म्हणाली. "चार महिने पहारा देल्ला मी. तुले लय सांगाचं हाय. त्या ऑपरेशनवाल्या दिवशी ना..."

"थांब, आधी माझं ऐक," अलफिया म्हणाली. ट्रंकेचं एक टोक उचलून ती सुरू झाली. शालवाल्या मॅडम कशा खोकल्या, घमेल्यातली वाफ कशी कमी होत गेली, धावजीकाकांना गाडीची किती काळजी वाटली, दादीला पान लावायच्या वेळेपुरतंसुद्धा गप्प बसवेना. ट्रंक खाली गेली, बादली खाली गेली, चादर अंथरून झाली, सुरकुती एक नाही, आणि बोलणं चालूच. ममता ऑपरेशनची गोष्ट ओठावर घेऊन बसली होती. तिनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"तू फेल होती तवा बरी होती वं," ती शेवटी म्हणाली.

"ऐकते ना, सांग तू," अलफिया म्हणाली, आणि पुढं बोलू लागली.